दोन महिन्यांत डबल परत आल्या, मग ट्रिपल कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 32. अठराव्या वर्षी फिगर स्केटिंग सोडलं, तेव्हा डबल ॲक्सल (हवेत अडीच फेऱ्यांची उडी) पक्का होता आणि ट्रिपल साल्कोव (तीन फेऱ्यांची) दहातला सहा वेळा बसायचा. सोडण्याची कारणं दोन: उजवा खुबा दुखायचा आणि कंटाळा आला होता. चौदा वर्षांनी पुन्हा बर्फावर उतरलात, सिंगल ॲक्सल पहिल्याच आठवड्यात आला, दोन महिन्यांत डबल लूप या दोन फेऱ्यांच्या उडीपर्यंत पोहोचलात. आता स्पर्धा खुणावतेय, आणि खंडानंतर परतून जगज्जेत्या झालेल्या ॲलिसा लिऊ आणि डीआना स्टेलाटो-डुडेक यांची उदाहरणं तुम्ही दिली आहेत. कोच म्हणतात लगेच ट्रिपलला सुरुवात करा, घरचे म्हणतात या वयात कशाला. आणि तुम्ही विचारताय, वय आड येईल का आणि ट्रिपल परत यायला किती महिने लागतील?

बावीस वर्षं उड्या शिकवतेय. त्यातली शेवटची दहाएक वर्षं माझ्याकडे मोठ्या खंडानंतर परतणारे बरेच येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण हेच दोन प्रश्न घेऊन येतो. वयाचं आधी उरकते. स्पर्धेत उतरायला 32 हे वय आड येत नाही. कुठल्या स्पर्धेत उतरायचं हे मात्र वयाहून खंडावर आणि खुब्यावर ठरेल, त्याकडे येतेच.

तुमच्या प्रश्नातली मला काळजी वाटायला लावणारी ओळ वेगळीच आहे. ती तुम्ही आनंदाची बातमी म्हणून लिहिली आहे: दोन महिन्यांत डबल लूप.

परतणाऱ्याच्या बाबतीत घोडं इथेच पेंड खातं. उडी मेंदूत साठवलेली असते, आणि ती तिथून फारशी पुसली जात नाही. एज (ब्लेडची धार) कधी खोल करायची, खांदे कधी अडवायचे, हात कधी ओढायचे, हे सगळं चौदा वर्षांनंतरही काही दिवसांत जागं होतं. स्नायूंना पूर्वीची ताकद भरायला काही आठवडे लागतात. टेंडन आणि लिगामेंट यांना मात्र महिने लागतात. हाड तर त्याहून सावकाश. त्यावर भार पडला की आधी जुना थर खरवडला जातो आणि मग नवा भरतो, आणि हे एक चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने जातात. म्हणजे मधे असा एक काळ येतो की उडी मारता येते, पण ती रोज सोसणारं शरीर अजून तयार नसतं. नवशिक्याला हा धोका नसतो, कारण त्याला उडी येईपर्यंत पाय आपोआप तयार होतात. तुमच्याकडे उडी आधी आली आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः सत्ताविसाव्या वर्षी, सहा वर्षांच्या खंडानंतर परतले होते. तिसऱ्या महिन्यात डबल ॲक्सल बसला, आनंदाने दिवसाला साठ-सत्तर उड्या मारायला लागले. चौथ्या महिन्यात नडगीच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा दुखायला लागली. बर्फावर दुखायचं, मग जिना उतरताना, मग रात्री झोपेतही. हाडाला बारीक चीर गेली होती. दहा आठवडे बूट घातला नाही. गंमत म्हणजे त्या काळातले माझे व्हिडिओ बघितले तर लँडिंग सुंदर आहेत. तंत्रात काही चूक नव्हती, हिशेब चुकला होता.

आता तुमचा खुबा. बहुतेक स्केटर डावीकडे गिरकी घेतात आणि उजव्या पायाच्या मागच्या बाहेरच्या एजवर उतरतात. तुम्हीही तशाच असाल तर दुखणारा खुबा म्हणजे नेमका लँडिंगचा खुबा. उडीतून उतरताना त्या एका पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट जोर क्षणभर येतो, आणि तो सोसताना खुबा स्थिर राहून शरीराची गिरकीही थांबवायची असते. त्यात तुम्ही परत आणलेली पहिली मोठी उडी लूप! लूप उजव्याच पायाच्या एजवरून सुटते आणि त्याच पायावर उतरते. खोल बसून, पीळ भरून सुटायचं, की लगेच त्याच खुब्यावर आदळायचं. टो लूपही उजव्याच एजवरून सुटते, फक्त तिथे डाव्या पायाच्या टो-पिकचा, म्हणजे ब्लेडच्या टोकाच्या दातांचा, आधार मिळतो. साल्कोव डाव्या पायावरून सुटतो, म्हणून तुमच्यासारख्यांकडून मी आधी साल्कोव करून घेते आणि लूप सगळ्यात शेवटी ठेवते. लूप लवकर आली म्हणून ती आधी वाढवायची, हा हिशेब मला पटत नाही.

खुबा अठराव्या वर्षी का दुखत होता, ते कुणी नीट पाहिलं होतं का? स्नायू ओढला गेल्याचं दुखणं आणि सांध्याच्या कडेची कूर्चा फाटल्याचं दुखणं बाहेरून सारखंच वाटतं, पण पहिल्यात व्यायामाने काम भागतं आणि दुसऱ्यात ट्रिपलचा विचार बाजूला ठेवावा लागू शकतो. खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडून हे आधी तपासून घ्या. ते कळेपर्यंत माझं पुढचं सगळं लिखाण ‘जर’च्या आधारावर आहे असं समजा.

ट्रिपलला किती महिने, याचं उत्तर महिन्यांत देता येत नाही. का ते आकड्यांत दाखवते. अर्धा सेकंद हवेत राहायचं तर शरीर साधारण 30 सेंटिमीटर वर जावं लागतं. 0.6 सेकंद राहायचं तर 44 सेंटिमीटर. म्हणजे एक दशांश सेकंद जास्त हवा असेल तर उडीची उंची जवळजवळ दीडपट लागते. बत्तिशीत, नोकरी सांभाळून, कुणाची उडी दीडपट उंच झालेली मी पाहिलेली नाही. ट्रिपल येतो तो बहुतेक गिरकीच्या वेगातून. हात किती लवकर छातीशी येतात, घोटे किती घट्ट जुळतात, त्यावर. आणि सतराव्या वर्षीचं अरुंद, हलकं शरीर आता नाही. खांदे रुंद झालेत, वजन वेगळ्या जागी आलंय. त्यामुळे तुमच्या मेंदूत साठवलेला ट्रिपल साल्कोव दुसऱ्याच शरीरासाठी बेतलेला आहे. जुनी वेळ पकडून उडालात तर गिरकी कमी पडेल, आणि कमी पडलेल्या गिरकीतून उतरणं म्हणजे खुब्याला आणि घोट्याला पीळ. डबल ॲक्सल हा माझा निकष असतो. तो थकलेल्या पायांनी, प्रोग्रामच्या शेवटच्या मिनिटात, दहातला आठ वेळा स्वच्छ बसला की मग ट्रिपलचं नाव काढायचं. तोवर नाही.

शिवाय ट्रिपल हवाच कशाला, हेही एकदा गुणांच्या भाषेत पाहा. तुम्ही सोडलं तेव्हा एखाद्या घटकाची, म्हणजे उडीची किंवा स्पिनची, गुणवत्ता उणे 3 ते अधिक 3 अशी मोजायचे. 2018 पासून ती उणे 5 ते अधिक 5 मोजतात आणि प्रत्येक पायरीला त्या उडीच्या मूळ किमतीच्या 10 टक्के गुण वाढतात किंवा कमी होतात. ट्रिपल साल्कोवची मूळ किंमत 4.3, डबल ॲक्सलची 3.3. डबल ॲक्सल छान वाहत्या लँडिंगसह मारलात, पंचांनी अधिक 2 दिले, तर 3.96 मिळतात. ट्रिपल साल्कोव अर्ध्या फेरीने किंवा जास्त कमी पडला तर तो डबल म्हणून मोजतात, किंमत 1.3. शिवाय पडलातही, तर उणे 5, म्हणजे 0.65 उरले. त्यातून पडल्याचा आणखी 1 गुण वजा. हाती आले उणे 0.35. खुबा पणाला लावून उणे गुण! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते आमच्या खेळात अक्षरशः खरं आहे, कारण बिल गुडघ्यालाच येतं.

आता तुम्ही ज्यांची नावं घेतलीत त्या दोघी. ॲलिसा लिऊने एप्रिल 2022 मध्ये सोळाव्या वर्षी निवृत्ती घेतली, दोन वर्षांनी परतली आणि मार्च 2025 मध्ये बोस्टनला जागतिक विजेती झाली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. कमाल आहेच. पण तिचा खंड दोन वर्षांचा. तुमच्याशी तुलना करायला ते उदाहरण जवळचं नाही. डीआना स्टेलाटो-डुडेक तुमच्या जास्त जवळ आहेत. 2000 मध्ये एकेरीत ज्युनियर जागतिक रौप्य, मग खुब्याच्या दुखापतींमुळे सतराव्या वर्षी निवृत्ती, सोळा वर्षं बर्फापासून लांब, 2016 मध्ये तेहतिसाव्या वर्षी पुनरागमन, आणि 2024 मध्ये मॉन्ट्रियलला मॅक्सिम देशांसोबत पेअर्सचं, म्हणजे जोडीच्या स्केटिंगचं, जागतिक सुवर्ण, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. बातम्यांत ‘वयावर मात’ एवढंच छापतात. माझ्या मते त्यातला कामाचा भाग असा की त्यांनी प्रकार बदलला, आणि परतण्यापासून सुवर्णापर्यंत आठ वर्षं दिली. पेअर्स काही सोपं नाही, थ्रो जंपचं, म्हणजे जोडीदाराने फेकून दिलेल्या उडीचं, लँडिंग एकेरीतल्या उडीपेक्षा जोरकस असतं. पण एकट्याने मारायच्या उड्या तिथे मोजक्या असतात. एकेरीच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे मोठ्या प्रोग्राममध्ये, चार मिनिटांत उड्यांचे सात घटक असतात.

हा फरक नवा नाही. व्यावसायिक झालेल्या स्केटरना परत स्पर्धेत यायची मुभा मिळाल्यावर 1994 च्या लिलेहामर ऑलिंपिकला मोठी लाट आली होती. एकेरीत 1988 चा विजेता ब्रायन बॉयटानो सहावा आला, 1984 आणि 1988 ची विजेती कॅटरिना विट सातवी, 1992 चा विजेता व्हिक्टर पेट्रेंको चौथा. त्याच बर्फावर पेअर्समध्ये 1988 चे विजेते गॉर्डेयेवा आणि ग्रिंकॉव्ह यांनी पुन्हा सुवर्ण मिळवलं, आइस डान्समध्ये टॉर्व्हिल आणि डीन यांना दहा वर्षांनी ब्राँझ मिळालं. 2010 ला व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये शेन श्वे आणि झाओ होंगबो परतून पेअर्सचं सुवर्ण घेऊन गेले, ती 31 ची, तो 36 चा. दोन वर्षं थांबून परतलेल्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांनी कोच बदलले, सराव मॉन्ट्रियलला हलवला आणि 2018 च्या ऑलिंपिकला आइस डान्स जिंकलं. जोडीने केलेल्या कामात वर्षानुवर्षांची एकमेकांची सवय मुरते आणि ती खंडानंतरही किंमत राखते. एकेरीत मागून येणारी मुलं दरवर्षी उड्यांची पातळी वर नेत असतात आणि परतणाऱ्याला चालत्या गाडीत चढावं लागतं. येवगेनी प्लुशेंको तर 2010 ला क्वाड (चार फेऱ्यांची उडी) घेऊन परतला होता आणि क्वाड न मारणाऱ्या इव्हान लायसाचेककडून 1.31 गुणांनी हरला.

मला यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण दाइसुके ताकाहाशीचं. 2014 ला निवृत्त, 2018 ला 32 व्या वर्षी, म्हणजे तुमच्याच वयात, परत आला आणि जपानच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीत दुसरा आला. जागतिक स्पर्धेची जागा मात्र त्याने तरुणांसाठी सोडली. मग 2020 पासून काना मुरामोतोसोबत आइस डान्स. जगज्जेता राहिलेला माणूस चौतिशीत दुसऱ्या प्रकारात शिकाऊ म्हणून उभा राहिला, आणि 2022 मध्ये त्या दोघांनी फोर कॉन्टिनेंट्स या युरोपाबाहेरच्या देशांच्या स्पर्धेत रौप्य मिळवलं. तुम्ही आइस डान्सचा विचार केला आहे का? उड्या नाहीत, एजचं काम भरपूर, आणि एज चौदा वर्षांनीही तुमच्या जवळ आहे. जोडीदार मिळणं हीच मोठी अडचण, हे मान्य.

एकेरीतच राहायचं असेल तर प्रौढांच्या स्पर्धांकडे कमीपणाने पाहू नका. जर्मनीत ओबरस्टडॉर्फला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची प्रौढांची स्पर्धा 2005 पासून होते. 28 च्या पुढे वयाचे गट असतात, वर कौशल्याचे स्तर, आणि पूर्वी वरच्या दर्जाला खेळलेल्यांसाठी ‘मास्टर्स एलिट’ नावाचा वेगळा गट. 2011 मध्ये तिथे मिदोरी इतो उतरली होती, वय 41. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ट्रिपल ॲक्सल मारणारी पहिली स्त्री, 1992 ची ऑलिंपिक रौप्यविजेती. तिला जे चाललं ते तुम्हाला-मला चालायला हरकत नसावी.

वरिष्ठ गटातच खेळायचं मनात असेल तर कागदपत्रांकडे आत्ताच बघा. निवृत्त होताना उत्तेजक चाचणीसाठी नोंदवलेल्या खेळाडूंच्या यादीत तुमचं नाव असेल, तर परत खेळण्याआधी सहा महिने लेखी कळवून चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं. ही अट ऐन वेळी कळून हंगाम गेलेले लोक आहेत. आणि मधल्या काळात दम्याचा पंप, रक्तदाबाची गोळी असं काही सुरू झालं असेल तर ते बंदी असलेल्या यादीत आहे का तपासा. अठराव्या वर्षी तुम्ही औषधं घेत नव्हता, म्हणून हे सुचत नाही.

मी असते तर पुढचे सहा महिने कसे घालवले असते ते सांगते. एक वही. दर सत्राला किती उड्या मारल्या याची मोजणी, पडलेल्या आणि अर्धवट सोडलेल्याही धरून, कारण खुब्याला त्या सगळ्या सारख्याच. मी सुरुवात 20 पासून करते, आठवड्याला तीनच सत्रं, आणि आकडा दर पंधरवड्याला दोन-चारने वाढवते. उडी छान होतेय म्हणून आकडा वाढवायचा नाही. उलट सगळ्यात जास्त दुखापती मी ‘आज काय मस्त लागतंय’ म्हणणाऱ्या दिवसांनंतर पाहिल्या आहेत. बाकी वेळ एज, स्पिन, आणि बर्फाबाहेर एका पायावरची ताकद. हे कंटाळवाणं आहे, माहीत आहे.

लँडिंग डोळ्यांपेक्षा कानाने तपासा. चांगल्या लँडिंगला टो-पिकचा हलका ‘टक’ येतो आणि लगेच एजचा लांब ‘खर्रर्र’. नुसता ‘धप्’ आला आणि मागे काहीच वाहिलं नाही, तर जोर ब्लेडने घेतला नाही, सांध्याने घेतला. माझ्याकडची एक पस्तिशीची बाई, तुमच्यासारखीच परतलेली, व्हिडिओत अगदी नीट दिसायची. मी कठड्याकडे तोंड करून उभी राहिले आणि नुसतं ऐकलं. चौदाव्या उडीपासून पुढे धप्, धप्. मागे वळून पाहिलं तर उतरताना तिचा डावा खुबा दोन बोटं खाली झुकत होता, म्हणजे उजव्या बाजूचे स्नायू दमले होते. तिचा आकडा चौदावर थांबवला. ट्रिपल तिने आजतागायत मारलेला नाही. पण दीड वर्षाने ती डबल ॲक्सल घेऊन स्पर्धेत उतरली आणि दुसऱ्या दिवशी नीट चालत होती.

बुटांचं विसरू नका. माळ्यावरून काढलेले अठराव्या वर्षीचे बूट घालून उड्या मारत असाल तर आज थांबवा. घोट्यापाशी चामड्याला मोड पडली की बूट आधार देत नाही, आणि चौदा वर्षांत पाऊलही रुंद होतं. नवे घेताना लगेच ट्रिपलवाल्यांचे कडक बूट घेऊ नका. ते वाकतच नाहीत, गुडघा पुढे जात नाही, आणि लँडिंगचा सगळा धक्का थेट वर खुब्यात जातो. डबलपुरता कडकपणा पुरे.

राहिले तुमचे कोच. त्यांना दोष देत नाही. वाढत्या वयाच्या मुलांसोबत काम करणाऱ्याला डबल लूप दिसली की पुढे ट्रिपल दिसतो, ती सवयच असते. त्यांना वही दाखवा, डॉक्टरांचं म्हणणं दाखवा, आणि विचारा की परतलेल्या प्रौढांसोबत त्यांनी किती काम केलंय. उत्तर ‘काहीच नाही’ असलं तरी चालेल, त्यांना शिकायची तयारी हवी.

खुब्याची तपासणी झाली की इथेच लिहा. सोबत दोन गोष्टी हव्यात: सत्रानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या दहा पावलांत दुखतं का, आणि कुठे, मांडीच्या सांध्यात पुढून की बाजूला. जागा कळली तर पुढचं नेमकं सांगता येईल.